उच्चनीच नव्हती? मग बाराशे वर्षांपूर्वीचा हा कायदा वाचा

माझी भाची अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर जसाच्या तसा भाषणात घातला. जुन्या जर्मन टोळ्यांत जन्मावरून उच्चनीच नव्हती, राजा सगळी प्रजा मिळून निवडायची, त्याचा शब्द शेवटचा असायचा आणि हे सगळं टिकलं ते रक्त शुद्ध राखल्यामुळे, असं त्यात आहे. मलाही तो आधी आला होता, तेव्हा सोडून दिला. आता पोरगी तो व्यासपीठावरून बोलणार, म्हणून लिहिते आहे.

उच्चनीच नव्हती, हे धडधडीत खोटं आहे. सॅक्सन या जर्मन टोळीचंच बघा. त्यांना जिंकणारा फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन, त्याचा नातू निटहार्ड याने 840च्या दशकात स्पष्ट लिहून ठेवलंय की हा समाज तीन थरांत विभागलेला होता: एधिलिंगी म्हणजे उमराव, फ्रिलिंगी म्हणजे स्वतंत्र माणसं आणि लाझ्झी म्हणजे धन्याला बांधलेले लोक. शार्लमेनच्या काळात लिहिलेल्या सॅक्सन कायद्यात उमरावाच्या खुनाची भरपाई 1440 सॉलिडस (त्या काळचं नाणं), तर बांधील माणसाच्या खुनाची 120. एका जिवाची किंमत दुसऱ्याच्या बारा पट! फुल्डाच्या मठातला रुडॉल्फ तर सांगतो की आपल्याहून वरच्या थरातली बायको करणाऱ्याला जीव गमवावा लागे. याला समता म्हणायचं?

आणि खालच्यांनी हे मुकाट्याने सोसलं असंही नाही. 841च्या सुमारास फ्रिलिंगी आणि लाझ्झी उठले. त्या उठावाला स्टेलिंगा म्हणतात. शार्लमेनच्या नातवंडांत गादीसाठी भांडण चाललं होतं. त्यातल्या लोथारने पाठिंब्याच्या बदल्यात या उठाववाल्यांना जुना कायदा परत द्यायचं कबूल केलं होतं. त्याचा भाऊ लुडविग याने 842 मध्ये उठाव चिरडला. त्या काळच्या बखरीत आकडे आहेत: 140 जणांचा शिरच्छेद, 14 जणांना फाशी, आणि हातपाय तोडलेल्यांची तर गणतीच नाही. ज्या समाजात ही माणसं मारली गेली, त्याला समतेचा नमुना म्हणून मुलांच्या तोंडी देऊ नका.

निवडणुकीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. सॅक्सनांत धर्मप्रचार करणाऱ्या संत लेबुइनच्या चरित्रात मार्कलो इथल्या त्यांच्या वार्षिक सभेचं वर्णन आहे: प्रत्येक प्रांतातून तिन्ही थरांतले बारा-बारा जण येत. पण तिथेच असंही लिहिलंय की जुन्या सॅक्सनांना राजाच नव्हता! पुढे 919 मध्ये फ्रिट्झलारला हाइनरिखला राजा केलं ते फ्रँक आणि सॅक्सन सरदारांनी.

शब्द शेवटचा? 936 मध्ये आखेनला हाइनरिखचा मुलगा ओट्टो याच्या राज्याभिषेकाच्या पंगतीत चार ड्यूक, म्हणजे प्रांतांचे बडे सरदार, सेवेला उभे होते. तीन वर्षांत त्यांतले दोघे, एबरहार्ड आणि गिझेलबर्ट, त्याच्याविरुद्ध लढताना मेले. बंडात ओट्टोचा सख्खा भाऊही होता.

रक्ताचं तर विचारूच नका. ओट्टोची पहिली बायको इंग्लंडची, दुसरी बरगंडीची, आणि 972 मध्ये सून आणली ती बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, घराण्यातली, थिओफानू.

भाचीने तो परिच्छेद काढला. त्या जागी आता स्टेलिंगा आहे.