शिक्षकांनी लिहायचं कधी?

गेल्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे होते, तेव्हा चौथीतल्या भाच्याची मराठीची वही चाळली. निबंध होता ‘माझी आई’. ‘माझी आई पहाटे पाच वाजता उठते. ती सडा-रांगोळी करते आणी देवपूजा करते.’ माझी बहीण नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस तिची रात्रपाळी असते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. विचारलं तर म्हणाला, “मावशी, बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, सगळ्यांनी उतरवून घेतलं.” खाली लाल शाईत सही, तारीख आणि ‘अक्षर छान’.

‘आणी’मधला दीर्घ ईकार सुधारता येईल. मला लागलं ते हे, की स्वतःच्या आईबद्दल त्याला काय सांगायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी त्याला म्हटलं, तुला दिसते तशी आई लिही. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने चार ओळी लिहिल्या. त्यातली एक : ‘आई ड्युटीवरून येते तेव्हा मी शाळेत निघतो, मग आम्ही जिन्यात भेटतो.’

मी सोळा वर्षं कॅलिफोर्नियात राहते आणि मराठी बातम्या रोज वाचते. २०२५ साली शाळांवरून दोन मोठे वाद झाले. एक पहिलीपासूनच्या हिंदीचा. एप्रिलमधला तो निर्णय सरकारला जूनअखेर मागे घ्यावा लागला. दुसरा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांना ते अपमानास्पद वाटलं, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललं नाही : टीईटीचा पेपर १५० गुणांचा आणि सगळा पर्यायी उत्तरांचा. त्यात उमेदवाराला एक परिच्छेदही लिहावा लागत नाही. पुढे भरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी असते, तीही तशीच. डी.एड.ला लेखी पेपर असतात, पण ते गाईडवर निघतात हे त्यातून गेलेला कुणीही सांगेल. म्हणजे स्वतःच्या मनातलं एक पानही न लिहिता माणूस वर्गात उभा राहू शकतो, आणि मग त्याने मुलांना लिहायला शिकवावं अशी आपली अपेक्षा असते. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांतले २४ गुण उपयोजित लेखनाचे आहेत. तेही पत्र आणि बातमीचे नमुने पाठ करून मिळवले जातात.

अमेरिकेत सगळं छान आहे असं मुळीच नाही. २०११ च्या राष्ट्रीय लेखन चाचणीत आठवीच्या जेमतेम २७ टक्के मुलांना अपेक्षित दर्जाचं लिहिता आलं होतं. मुलांना लिहिता येत नाही ही ओरड इथे १९७५ मध्येही साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होती. पण त्याच्या आदल्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी एक साधी गोष्ट सुरू केली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना बोलवायचं आणि त्यांनाच लिहायला बसवायचं. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं, आपण वर्गात काय करतो ते सांगायचं. लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. ती चळवळ पुढे देशभर पसरली. माझ्या मुलीच्या सातवीच्या बाई वर्गासमोर स्वतःचा परिच्छेद लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. मोठ्या माणसालाही पहिल्या झटक्यात जमत नाही हे मुलं रोज बघत होती.

हे सगळं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर असलेल्या माझ्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती चिडली. “पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार याद्यांचं काम, आणि दोन वर्ग एकटीकडे. मुलांना मनाने लिहायला लावलं तर त्या वह्या तपासू कधी? माझं लिहिणं तर सोडूनच दे.” तिचं खरं आहे. ही कामं कमी केल्याशिवाय शिक्षकांकडे बोट दाखवायचा हक्क कुणाला नाही, परदेशात बसलेल्या मला तर नाहीच.

तरी एक जागा आजही आहे. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते. गावोगावचे शिक्षक एकत्र येतात आणि बराचसा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. त्यातला अर्धा तास शिक्षकांच्या लिहिण्याला द्यावा. विषय आपापल्या वर्गातला, ओळी दहाच, आणि ज्याची इच्छा असेल त्याने वाचून दाखवावं. शुद्धलेखनाच्या चुकांवर पहिले सहा महिने कुणी बोलू नये. मैत्रीण म्हणाली, केंद्रप्रमुखांना विचारून बघते. परवा तिने शाळेच्या हापशावर नऊ ओळी लिहून पाठवल्या. डी.एड. झाल्यापासून पहिल्यांदाच काही मनाने लिहिलं, असं खाली होतं.