नाण्यावर १७८० आहे म्हणून दागिना १७८० चा होत नाही

जुनी चांदी ओळखायच्या तीन ट्रिका म्हणून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. नाण्यावरचं साल तेच दागिन्याचं वय, खडा जिथला दागिना तिथला, आणि तुकडा ताटलीएवढा असेल तर तो घोड्याचा साज. तिन्ही चूक आहेत, पहिली तर थेट खिसा रिकामा करणारी.

येमेन-ओमानच्या हारांत ते मोठं चांदीचं नाणं लटकलेलं असतं ना, गुबगुबीत बाईचा चेहरा आणि १७८०, तो मारिया थेरेसा थेलर. ही ऑस्ट्रियाची महाराणी त्याच साली वारली, पण अरबस्तानात आणि इथिओपियात लोकांचा विश्वास त्याच नाण्यावर बसलेला, मग काय, साल तेच ठेवून पाडत राहिले. व्हिएन्नात पाडलं, १९३० च्या दशकात रोम आणि लंडनमध्ये पाडलं, आणि १९४०-४१ मध्ये चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. म्हणजे "अडीचशे वर्षं जुनं" म्हणून लाखभर मोजाल ते नाणं फोर्टात पाडलेलं निघायचं! त्यापेक्षा कडी बघा, तिला डाग (सांधा) कसा दिलाय, हारात घासून कडीचं भोक लांबुळकं झालंय का, बाईचं नाक झिजलंय का. सालाला काही विचारू नका, ते सगळ्यांवर सारखंच आहे.

खड्याचंही तेच. गुजरातेतल्या खंभातचा अकीक, म्हणजे तो लाल खडा, शेकडो वर्षं जहाजांनी अरबस्तान-आफ्रिकेत जातोय, त्यामुळे लाल खडा दिसला की "मराठा सरदाराच्या घोड्याचा" असं लिहून मोकळं होणं म्हणजे कहर आहे. काम बघा काम. मध्य आशियातल्या तुर्कमेनांत टेके टोळीच्या चांदीवर सोन्याच्या मुलाम्याची वेलबुट्टी आणि त्यात अकीक, योमुत टोळीकडे साध्या चांदीवर मुलामा दिलेले छोटे चौकटी तुकडे बसवलेले, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की परत गोंधळ होत नाही.

आणि पोस्टमध्ये घोड्याच्या कपाळावरचा म्हणून जो पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा भलामोठा तुकडा दाखवलाय तो असिक आहे हो, तुर्कमेन बायका पाठीवर वेण्यांवर सोडायच्या तो. तुर्कमेन घोड्यांना चांदी घालायचेच, नाही कोण म्हणतं, पण ती चामड्याच्या पट्ट्यांवर ठोकलेली असते. म्हणून विकणाऱ्याकडे आधी मागच्या बाजूचा फोटो मागा, चामडं नाही, रिव्हेटची भोकंही नाहीत आणि वर नुसती टांगायची सोय असेल तर घोडा विसरा.