शनीच्या देवळावर उपग्रह थांबतो म्हणे!

“तमिळ मुलखातल्या तिरुनल्लारच्या शनिमंदिरावरून जाणारा प्रत्येक उपग्रह तीन सेकंद थांबतो. शनीचे निळे अतिनील किरण थेट मंदिरावर पडतात. नासाचे शास्त्रज्ञ येऊन नतमस्तक झाले!” हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. आजवर डिलीट करून मोकळा होत होतो. आता ते कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आत्याकडं पोचलंय. नातवाला साडेसाती, फॉरवर्डच्या शेवटी सामूहिक तैलाभिषेकाच्या बुकिंगचा नंबर, आणि आत्या ठेव मोडायला निघालेली. म्हणून हा खटाटोप.

आधी ते थांबणं. उपग्रह म्हणजे घंटी मारली की थांबणारी केएमटीची बस नव्हे. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर पळतो आणि त्या वेगामुळंच वर टिकतो. वेग शून्य झाला की तो खाली यायला लागणार. तीन सेकंदांनी पुन्हा तोच वेग कुठून आणणार? पहिल्यांदा तो द्यायला अख्खं रॉकेट जाळावं लागलं होतं. बरं, निघाला पुन्हा असं घटकाभर धरू. मग दर फेरीला तो ठरल्या जागेच्या वीसेक किलोमीटर मागं पडेल, आणि जगभरची रडारं ते बघत गप्प बसतील?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. खाली काय आहे त्यानुसार उपग्रहाचा वेग किंचित बदलतो, हे खरं आहे. नासा आणि जर्मनीनं २००२ साली ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह सोडले ते नेमकं हेच मोजायला. टोपणनावं टॉम आणि जेरी! सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून दोघं एकामागोमाग फिरायचे. खाली मोठा डोंगर आला की पुढचा आधी ओढला जायचा, अंतर वाढायचं. मग मागचा ओढला जायचा. केसाच्या जाडीहून बारीक फरकसुद्धा मायक्रोवेव्हनं टिपला जायचा. १५ वर्षं ही जोडी पृथ्वीभर फिरली, तमिळ मुलखावरूनही. तिला तीन सेकंदांचा मुक्काम कळला नसता होय?

श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षण चांगलंच कमी आहे. तिथंही कुठला उपग्रह थांबत नाही.

आणि याच ‘ग्रेस’ जोडीला भारतात जे सापडलं ते २००९ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. राजस्थान, पंजाब, हरियाणातलं १०९ घन किलोमीटर भूजल २००२ ते २००८ या काळात आटलं. जमिनीखालचं पाणी उपसलं, त्याचं वजन घटलं आणि ते आकाशातून कळलं! थक्क व्हायचंच तर इथं व्हा की. पण याचं फॉरवर्ड आत्याला कुणी धाडलं नाही.

किरणांचं थोडक्यात. शनीला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याचाच परतवतो. तो उजेड इथवर यायला तासाहून जास्त वेळ लागतो आणि येतो तो अर्ध्या पृथ्वीवर पसरून. तिरुनल्लारला मिळतो तेवढाच आमच्या रंकाळा तलावालाही.

नतमस्तक झालेले शास्त्रज्ञ कोण, कधी आले, कुठला उपग्रह थांबला? एकही नाव नाही. नाव फक्त नासाचं, तेही खालच्या बुकिंग नंबराला वजन यावं म्हणून. देवळात जायला माझी ना नाही, पण त्यासाठी आत्याची ठेव कशाला मोडायची?

यावर भाचा म्हणतो, “मग अंबाबाईचा किरणोत्सवही थापच काय?” अजिबात नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांवरून वर सरकत मुखापर्यंत जातात. गर्दीत उभं राहून कुणीही बघावं. लोक लक्स मीटर लावून प्रकाश मोजतात, वाटेत आलेल्या इमारतींवरून भांडतात. ढगांनी घात केला आणि किरणं कमरेपर्यंतच पोचली, तर दुसऱ्या दिवशी पेपरात तसंच छापून येतं.