सिनेमाची पट्टी मागू नये

तुम्ही परभणीचे, जालन्याचे, उदगीरचे असाल, पोटाला चिमटा घेऊन सिनेमा केला असेल आणि तो एखाद्या ओटीटीवर लागला असेल, तर आधी अभिनंदन. आता एवढंच करा, तो किती जणांनी पाहिला हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. प्रश्न तसा वाईट नाही, पण विचारणारा माणूस गावंढळ दिसतो.

माझंच बघा. आमचे काका परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान चालवतात. सिनेमा लागून महिना झाल्यावर मी गावी गेलो, तर चहा यायच्या आत त्यांनी विचारलं, "कामून रे, सिनेमाची पट्टी आली नाही का अजून?"

त्यांचं काय चुकलं म्हणा. सोयाबीनची चार पोती घेऊन आलेल्या माणसालाही त्यांच्या दुकानातून पट्टी नावाचा कागद मिळतो. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. वजन पटलं नाही तर तो माणूस काट्यापाशी जाऊन भांडतो, आणि काका त्याला चहा पाजून पुन्हा वजन करतात.

"काका, तिथं पट्टी नसते."

"मग माल मोजतं कोण?"

"तेच मोजतात."

"काटा?"

"त्यांच्याकडंच."

"तुला दिसतो?"

"नाही."

काका बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. मोंढ्यातली जुनी माणसं रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टी सांगतात. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल, तो बाजूला उभा राहून नुसता रुमाल हललेला बघायचा. पुढं कायद्यानं ते बंद झालं, उघडा लिलाव आला. काकांची समजूत अशी की तो रुमाल संपला. तो धुऊन, इस्त्री करून आता मुंबईच्या काचेच्या इमारतींत वापरतात, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

तेव्हा आकड्याऐवजी विशेषणांवर जगायची सवय लावून घ्या. 'छान परफॉर्म केलं', 'रिस्पॉन्स हेल्दी आहे', 'टीम खूश आहे'. माझ्या सिनेमाला तिन्ही मिळाली. ती फ्रेम करून भिंतीला लावता येतात, फक्त बँकवाल्याला दाखवता येत नाहीत.

तरीही आकड्याची खाज सुटली, तर आधी माप कोणतं ते विचारा. नेटफ्लिक्सवर पूर्वी एखादा सिनेमा सत्तर टक्के पाहिला गेला की एक व्ह्यू धरत. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं, दोन मिनिटं पाहिलं तरी चालेल, माणसानं मनापासून लावलं होतं एवढं त्यातून कळतं. २०२१ च्या शेवटी तास मोजायला लागले. जून २०२३ पासून एकूण तासांना सिनेमाच्या लांबीनं भागतात. म्हणजे ज्वारी तीच, पण कधी पायलीनं, कधी शेरानं, कधी मापट्यानं आणि मध्येच एकदा नुसत्या चिमटीनं. दोन मिनिटांत आपल्या सिनेमातले आभारसुद्धा संपत नाहीत. सरपंच, तलाठी, ट्रॅक्टर देणारे भाऊसाहेब, वाडा देणारे देशमुख. आणि आपला कामाचा वेग बघता, पहिल्या मापाच्या वेळी लिहायला घेतलेला सिनेमा दुसऱ्यात शूट होतो, तिसऱ्यात एडिट होतो आणि चौथ्यात लागतो. त्यामुळं मापाप्रमाणे सिनेमा कापायच्या भानगडीत पडू नका.

डिसेंबर २०२३ मध्ये याच कंपनीनं अठरा हजारांवर सिनेमे आणि मालिकांची यादी, सहा महिन्यांत त्या किती तास पाहिल्या गेल्या त्याच्यासकट, जाहीर केली. बाकीच्या बहुतेकांनी तेवढंही केलेलं नाही, हे कबूल करायला हवं. मी ती यादी रात्रभर वाचली. आकडे लाखाच्या पटीत, आणि पन्नास हजार तासांच्या खाली असाल तर यादीत नावच नाही. खाली खाली जावं तसा ओळीनं एकच आकडा, १,००,०००, १,००,०००, १,००,०००. जणू सगळ्या गावाला सारखीच पीकविम्याची रक्कम. त्यात परभणी शोधू नका. भारतही सापडणार नाही, कारण सगळ्या जगाची मिळून एकच बेरीज आहे.

मधल्या काळात अंदाजावर भागवा. ऑर्मॅक्स मीडिया ही मुंबईची संस्था प्रेक्षकांना विचारून भारतातल्या ओटीटी प्रेक्षकसंख्येचा अंदाज दर आठवड्याला देते. बातम्यांत जे आकडे येतात, ते बऱ्याचदा हेच. अंदाज म्हणून ते कामाचे आहेत. आणि नजर पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजावर, वाढलेल्या माणसाला अंदाजाचं काय कौतुक सांगायचं? आधी नजर, मग सुधारित, मग अंतिम. रानात तुरीच्या काड्या उभ्या असतात आणि पैसेवारी पन्नासच्या वर गेली की कागदावर दुष्काळ नसतो. फरक एवढाच की पैसेवारीवर हरकत घ्यायला तहसील आहे.

अमेरिकेतल्या पटकथालेखकांची उदाहरणं कुणी दिली तर कानात बोटं घाला. त्यांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला आणि इतर मागण्यांसोबत काट्याचा आकडाही मागितला. मिळाला, पण त्यांच्या संघटनेला, तोही गुप्ततेच्या अटीवर. शिवाय ओटीटीच्या मोठ्या बजेटच्या कामाला पहिल्या नव्वद दिवसांत त्यांच्या देशातल्या वीस टक्के वर्गणीदारांएवढे व्ह्यूज मिळाले, तर लेखकाला बोनस. आपल्याकडं संप म्हणजे एसटीचा. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यातही लेखकाला रॉयल्टीचा हक्क आहेच. रॉयल्टी कशाची, हे कळायला किती वापर झाला ते कळावं लागतं, एवढी एक बारीक खुसपट सोडली तर कायदा उत्तम आहे. छोट्या सिनेमाला तर बऱ्याचदा ठोक रक्कम मिळतच नाही, जेवढा पाहिला जाईल तेवढे पैसे. किती पाहिला गेला हे, अर्थात, ज्याला पैसे द्यायचेत तोच सांगतो.

इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल, चला, आकडा कुणालाच कळत नाही, सगळे सारखेच. इथंच नवखे फसतात. तुमची मावशी कितव्या मिनिटाला भाकरी उलटायला उठली आणि परत आलीच नाही, हे ओटीटीवाल्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या सिनेमाची गोष्ट घेऊन मी व्हिडिओ कॉलवर बसलो, तेव्हा समोरच्या पोरानं माझी गोष्ट अकरा मिनिटं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "सर, लव्ह्ड इट. पण लास्ट टायटलचे नंबर्स थोडे सॉफ्ट होते."

"किती होते?"

"ते शेअर नाही करता येत."

"किती असायला हवे होते?"

"तेही नाही."

मी मान डोलावली. तुम्हीही डोलवा. पडद्याच्या काळात सिनेमा पडला तर तो चारचौघांत पडायचा. वितरकाचा माणूस खिडकीशी बसून तिकिटांची अर्धुकं मोजायचा, आणि दिग्दर्शकाला निदान वाद घालता यायचा, की पेरणीच्या आठवड्यात लावला, सकाळी नऊचा शो दिला, पोस्टर लागलंच नाही. आता वाद कशाशी घालणार? आकडा बघितलेला नाही, तो कमी आहे एवढंच कळवलंय. गुणपत्रिका न देता नापास करायची ही पद्धत लातूर पॅटर्नवाल्यांनाही सुचली नव्हती.

आणि घरातल्या पोरांशी बरोबरी करू नका. माझा मानवतचा पुतण्या यूट्यूबवर गावरान कॉमेडीचे व्हिडिओ टाकतो. त्याच्या मोबाइलवर आलेख दिसतो. परवा म्हणाला, "दादा, तू एंट्री घेतली तिथंच पब्लिक गेलं बघ." अपमान झाला, पण वेळेसकट झाला.

दिवाळीत परत मोंढ्यात गेलो तर काकांनी पुन्हा तोच विषय काढला. मी म्हणालो, छान परफॉर्म केलं म्हणतात. काकांनी गल्ल्यातून पट्टीबुक काढलं, कार्बन सरळ केला आणि लिहायला बसले. नाव माझं. गाव परभणी. माल: सिनेमा, नग एक. वजनाच्या रकान्यापाशी थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही, म्हणून तिथं आडवी रेघ मारली. भावापुढंही रेघ. सोयाबीन ओलं असलं की ज्या कपातीच्या रकान्यात लिहितात, तिथं त्यांनी ठळक लिहिलं: हवा जास्त.

मग पट्टी फाडून पुढं सरकवली आणि म्हणाले, "कर सही."