पहिल्या वर्षाचा तोटा कुणाचा?

अकोला जिल्ह्यातून अमेरिकेतल्या आयोवा राज्यात येऊन मला अकरा वर्षं झाली. इथेही सोयाबीन, तिथेही सोयाबीन. त्यामुळे इथली पेरणी सुरू झाली की मी घरी चुलतभावाला फोन लावतो.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठीचं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह. त्यानंतर तिकडच्या चर्चेत एक वाक्य सारखं ऐकू येतं: शेतकरी नवं पटकन स्वीकारत नाही, त्याचं प्रबोधन करायला हवं. हे निदान मला मान्य नाही.

आज यंत्रांनी भरलेल्या या आयोवात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचं बियाणं आलं. ते सरस होतं, तरी पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दहा टक्के शेतकऱ्यांनी घेतलं. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी इथल्या दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ मध्ये जे मांडलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. बियाण्याची खबर सर्वांत जास्त जणांना विक्रेत्याकडून लागली होती, पण भरवसा सर्वांत जास्त बसला तो शेजाऱ्यांमुळे. बहुतेकांनी आधी थोड्याच जमिनीत पेरून पाहिलं. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळे संकरित मक्यावर आले होते. त्या पाच वर्षांना इथे कुणी मागासलेपण म्हणत नाही.

आपल्याकडचा शेतकरी स्वभावानेच भित्रा, असंही म्हणतात. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी अकोला-सोलापूरकडच्या गावांत खऱ्या पैशांचे डाव मांडून हे तपासलं. १९८० मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच मध्यम सावध होतात. गरीब-श्रीमंतांत फार फरक नाही. म्हणजे फरक स्वभावात कमी, कर्ज आणि साधनं मिळण्यात जास्त.

आणि जमिनीत. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. माझ्या इथल्या शेजाऱ्याचे प्रयोगाचे दहा एकर बुडाले तर त्याला वाईट वाटतं. चुलतभावाचा एक एकर बुडाला तर तीन एकरांतला एक गेला, आणि सोसायटीचं कर्ज उभंच. शिवाय इथे पीकविम्याच्या हप्त्याचा निम्म्याहून अधिक भार सरासरीने केंद्र सरकार उचलतं. आपल्याकडे २०२३ च्या खरिपात आलेला एक रुपयाचा पीकविमा २०२५ मध्ये बंद झाला. आता खरिपातल्या सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के शेतकऱ्याने भरायचे. बोगस अर्ज निघाले हे खरं, ते रोखायलाच हवे होते. पण ज्या वर्षी सरकार नवं तंत्रज्ञान घ्या म्हणतं, त्याच वर्षी हा आधार कमी होतो, आणि दोन्ही बातम्यांवर वेगवेगळ्या चर्चा होतात. मला याचा मनापासून त्रास होतो. शेतकऱ्याच्या हिशेबात त्या एकाच वहीत असतात.

प्रात्यक्षिकं कुठे होतात, हेही पाहायला हवं. बहुतेकदा रस्त्याकडेच्या, पाणी असलेल्या मोठ्या शेतकऱ्याकडे, कारण अधिकाऱ्यांना तिथे पोचता येतं. भाऊ असं एक वावर पाहून आला होता. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "त्याच्या वावरात इहीर हाय, मोटार हाय. आपल्याले कसं जमन?" ते उत्तर अगदी बरोबर होतं. पाणी नसलेल्याने पाणी असलेल्याकडून काय शिकायचं?

तोच भाऊ दोन वर्षांपूर्वी धुऱ्यापलीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, पेरलेलं सोयाबीन पाहत होता. अतिवृष्टीत वरंब्यावरचं पीक टिकलं, भावाचं सपाटीतलं पिवळं पडलं. पुढच्या वर्षी त्याने एक एकर बीबीएफवर घेतलं. त्याला कुणी प्रबोधन केलं नव्हतं.

त्या ५०० कोटींतला काही भाग प्रत्येक गावातल्या दोन-तीन कोरडवाहू शेतकऱ्यांच्या प्रयोगाच्या एकरावर खर्च व्हावा, आणि पहिल्या हंगामात तो एकर बुडाला तर नुकसान सरकारने भरून द्यावं, असं मला वाटतं. यंदा भावाने तिन्ही एकर बीबीएफवर पेरलेत. परवा फोनवर सांगत होता, गावातले दोघं येऊन वरंब्याची रुंदी मोजून गेले.