पिशवी खाणारी बुरशी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कंपोस्टेबल पिशव्या खताच्या खड्ड्यात टाका, वर मशरूमचं बियाणं भुरभुरा, पंधरा दिवसांत पिशव्या गायब. बुरशी कुठलंही प्लास्टिक खाते.’ यात तथ्य चिमूटभर, बाकी सगळा मसाला.

काही बुरशी प्लास्टिक तोडतात, हे खरंच. इक्वाडोरच्या जंगलातल्या पेस्टालोटिओप्सिस मायक्रोस्पोरा या बुरशीवर येल विद्यापीठातून २०११ मध्ये शोधनिबंध आला. पण तो पॉलियुरेथेनबद्दल, म्हणजे फोमच्या गाद्यांत वापरतात त्या प्लास्टिकबद्दल होता. दुधाची पिशवी पॉलिथिनची, तिचा इथे काही संबंध नाही.

कंपोस्टेबल पिशवीत बहुधा पीबीएटी (सूक्ष्मजीवांना तोडता येणारं लवचिक प्लास्टिक) असतं, जोडीला पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) किंवा स्टार्च. बुरशी एन्झाइम (पाचक रसायनं) बाहेर सोडते, त्यांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि सुटलेले बारीक तुकडे ती शोषून घेते. गोम तापमानात आहे. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्याखाली फार सावकाश तुटतं. ‘कंपोस्टेबल’ शिक्क्यामागची चाचणीही ५८ अंशांच्या आसपास होते, तीही १८० दिवसांपर्यंत चालू शकते. आपला खड्डा कोमट, त्यात पावसाळ्यात नुसता चिखल!

मशरूमचं बियाणं म्हणाल तर धिंगरीला (ऑयस्टर मशरूमला) भाताच्या पेंढ्यासारखं खाद्य लागतं, तेही निर्जंतुक केलेलं. उघड्या खड्ड्यात इतर बुरश्या तिला टिकू देत नाहीत.

मेसेजसोबतच्या फोटोत पिशवीवर पांढरा कापूस दिसतो. तो बहुतेक आत चिकटलेल्या भाताच्या शितांवरचा बुरा असावा. प्लास्टिक तसंच अखंड दिसतंय. तेव्हा सोसायटीच्या खड्ड्यात ओला कचराच टाका, पिशवी बाहेर ठेवून.