ट्रॅकचे पॅड, घाटाचा रस्ता आणि निम्म्या अंतराची थाप

वेगवान गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. तो थोडक्यात असा: "कंपनीचे ब्रेक पॅड म्हणजे तडजोड. पुढच्या चाकांना रेसिंगचे पॅड टाका, थांबायचं अंतर निम्म्यावर येईल. आवाज आला तर समजा पॅड दमदार आहेत. घाटात ब्रेक जाणंही बंद होईल. बेडिंग (नवे पॅड ठरावीक ब्रेक मारून डिस्कवर रुळवणं) वगैरे सब झूठ, बसवा आणि निघा." ऑक्टाव्हिया आरएस किंवा पोलो जीटीआयसारखी गाडी रोज ऑफिसला आणि सुटीला घाटात नेणाऱ्यांसाठी यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी निम्म्या अंतराची थाप. पेडल करकचून दाबल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थडथडू लागलं, म्हणजे टायरची पकड संपली. त्यापुढे पॅड कितीही जहाल असला तरी उपयोग नाही. कोरड्या डांबरावर १ जी (म्हणजे गाडीच्या वजनाइतका ब्रेकचा जोर) इतकी पकड धरली तर ताशी १०० किमीवरून थांबायला साधारण ४० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ती ०.६ जीवर आली की ६५ मीटर. या वेगाला सुस्थितीतले कंपनीचे पॅडही एबीएस जागं करतात. अंतर निम्मं करायचं तर २ जी हवेत, आणि ते रस्त्याच्या टायरच्या आवाक्यातलं नाही. थांबायचं अंतर कमी करायचंय त्याने पैसे आधी टायरवर घालावेत.

मग पॅड बदलून काय बदलतं? पेडलला किती जोर लागतो, थंड असताना चावा (डिस्क धरण्याची ताकद) कसा आहे आणि किती तापेपर्यंत तो टिकतो. "तडजोड" हा आरोप इथे तपासायला हवा. तडजोड आहेच, पण ती आपल्या बाजूने केलेली आहे. रेसिंगच्या पॅडचं मिश्रण तापल्यावर खुलतं. अशा अनेक पॅडना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला धरतो ती तबकडी) दीडशे-दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट चावा येत नाही. जुलैतल्या सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिला ब्रेक मारताना डिस्क थंड आणि ओली असते. तिथे हा महागडा पॅड कंपनीच्या पॅडपेक्षा कमी धरतो. शिवाय थंडपणी तो डिस्क कानशीसारखी खातो आणि त्याची लोखंडी भुकटी अलॉय व्हीलवर बसून पावसाळ्यात गंजाचे ठिपके पाडते.

पॅड निवडताना जाहिरात बाजूला ठेवून पॅडच्या कडेवरची किंवा पाठीवरची अक्षरं वाचावीत. अमेरिकी पद्धतीच्या दोन अक्षरांतलं पहिलं सर्वसाधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यासाठी एफएफ उत्तम. पहिलं जी आणि दुसरं ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार. पण ही अक्षरं झीज किंवा आवाजाबद्दल काही सांगत नाहीत, आणि चाचणी होते ती छोट्या तुकड्यावर, गाडीवर नव्हे. म्हणून युरोपचा आर ९० शिक्का जास्त मोलाचा: त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी-अधिक चालत नाही. "सिरॅमिक" शब्दाला भुलू नये. सिरॅमिक पॅड शांत असतात, धूळ कमी सोडतात, पण सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचं काही नातं नाही.

आवाजाचं दमदारपणाशी देणंघेणं नाही. पॅड आणि डिस्कची थरथर म्हणजे आवाज. बहुतेकदा शिम (पॅडच्या पाठीची थरथर शोषणारी पातळ पत्री) बसवलेली नसते, क्लिप जुनीच असते किंवा पॅडचा सांगाडा ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन कोरड्या असतात.

फक्त पुढे जहाल पॅड टाकले की ब्रेकचा तोल पुढे सरकतो, मागची चाकं आपल्या वाट्याचं काम करत नाहीत. फक्त मागे टाकले तर त्याहून वाईट, गाडी शेपटी फिरवू शकते. चारही चाकांना एकाच मिश्रणाचे, नाहीतर कंपनीचेच बरे.

आता घाट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. ही ऊर्जा ताशी १०० वरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी आहे, गाडीचं वजन काहीही असो. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन खातं, उरलेला ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसतो. ब्रेक जातात ते दोन प्रकारे. पेडल दगडासारखं कडक, जळका वास आणि गाडी थांबत नाही: पॅड तापून ढिला पडला. इथे जास्त तापमान झेलणारा, पण थंडपणीही चावणारा फास्ट-रोड वर्गातला पॅड खरंच उपयोगी आहे. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला गेलं तर ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली आहे, आणि तिथे पॅड बदलून काही होत नाही. उलट धातू जास्त असलेला पॅड उष्णता त्याला मागून ढकलणाऱ्या पिस्टनकडे, म्हणजे ऑइलकडे, अधिक लोटतो. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हमी १५५ अंशांचीच उरते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. दमट कोकणात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं चैन नव्हे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते एबीएसच्या गाडीत घालू नये. उतारावर खालचा गिअर, आणि ब्रेकवर पाय टेकवून ठेवण्यापेक्षा ठाम दाबून सोडणं.

बसवताना डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहा. हबवरचा (डिस्क आणि चाक बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा. पिस्टन मागे ढकलताना ऑइलची टाकी ओसंडते, तिच्याकडे लक्ष हवं. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टनला हात लावू नये, मोटर मोडू शकते. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

बेडिंग नाटक नाही. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा यासाठी ते असतं. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत हलके चार-पाच ब्रेक, मग ९०-१०० वरून २० पर्यंत आठ-दहा ठाम ब्रेक, एबीएस न लागू देता आणि पूर्ण न थांबता. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो न शिवता गाडी चालवून थंड करा. तापलेल्या पॅडवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं की डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि "डिस्क वाकली" म्हणून ती विनाकारण बदलली जाते.

वर्षातून एखाद्या ट्रॅक डेला कोइम्बतूरच्या कारी रेसट्रॅकला जाणार असाल तर रेसिंग पॅडचा संच डिकीत घेऊन जा, तिथे बदला, परतताना पुन्हा रस्त्याचे लावा. पण एकाच डिस्कवर दोन मिश्रणं आळीपाळीने वापरायची तर प्रत्येक वेळी जुना थर पॉलिशपेपरने खरवडून नव्याने बेडिंग करावं लागतं. हे नको असेल तर ट्रॅकसाठी डिस्कही वेगळ्या ठेवाव्यात.